पाण्याचा मुक्काम

शाळेच्या पुस्तकात फार सोपं होतं. नदी वाहते, तलाव साचतो. फरक स्पष्ट करा, दोन गुण. हे पुस्तक लिहिणारा माणूस एप्रिल महिन्यात कोकणात कधी उतरला नसावा. एप्रिलमध्ये घाटाखालच्या गावांतली नदी वाहत नाही. ती गोट्यांखाली कुठेतरी झिरपत असते आणि वर दिसतात ते नुसते डोह. एक या वळणावर, दुसरा त्या वळणावर, मध्ये पांढरे पडलेले दगड आणि त्यांवरून पलीकडच्या वाडीला जाणारी पायवाट. प्रत्येक डोह म्हणजे एक तळंच. तीच नदी खाली समुद्राच्या अंगाला गेली की भरल्या पाण्यानं वाहते, पण दिवसातून दोनदा उलटी. आणि याच दिवसांत सिंधुदुर्गातल्या धामापूरच्या तळ्यातून निघालेला पाट मात्र मळ्याच्या कडेनं खळखळत असतो. आता लिहा फरक.

माझं आजोळ कर्ली नदीच्या काठचं. कुडाळात तिला भंगसाळ म्हणतात, आमच्याकडे येईस्तोवर ती कर्ली होते आणि देवबागेला समुद्राला मिळते. घरासमोर खाडी, मागची घाटी चढून पलीकडे उतरलं की धामापूरचं तळं. मे महिन्याच्या सुट्टीत दोन्ही पाण्यांत डुंबलो, दोन्हीकडचे मासे खाल्ले. पण घरात या दोन पाण्यांना वागणूक वेगवेगळी होती. खाडीत काहीही टाकलेलं चालायचं. माशांची खवलं, जेवणावळीच्या पत्रावळी, देवाचं निर्माल्य, सगळं. तळ्याच्या पायरीवर बसून नुसती चूळ थुंकली तरी आजीचा आवाज यायचा, "रे मेल्या, ताच पाणी उद्या तुका पिऊचा आसा!"

नदी आणि तळं यांतला फरक आजीच्या ओरडण्यात जेवढा आहे तेवढा पुस्तकात नव्हता. पाणी हलतं की नाही हे पाहायला फार हुशारी लागत नाही. आलेलं पाणी किती दिवस राहतं, हा खरा प्रश्न.

या मुक्कामाचे जगभरातले आकडे मांडलेले आहेत. पृथ्वीवरच्या सगळ्या नद्यांमध्ये मिळून एका वेळी साधारण २,१२० घन किलोमीटर पाणी असतं. गंगा, नाईल, ॲमेझॉन सगळ्या धरून. गोड्या पाण्याच्या सरोवरांत असतं सुमारे ९१,००० घन किलोमीटर, म्हणजे चाळीसपटीहून जास्त. स्तोत्रं नद्यांची, साठा तळ्यांचा! कारण उघड आहे. नदीतलं पाणी सरासरी १६ दिवसांत बदलतं, सरोवरातलं बदलायला सरासरी १७ वर्षं लागतात. ही झाली सरासरी. सायबेरियातलं बैकल सरोवर १,६४२ मीटर खोल आहे आणि त्यातल्या पाण्याचा मुक्काम तीनशेहून अधिक वर्षांचा. राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात होते त्या सुमारास आत शिरलेलं पाणी आत्ता कुठे बाहेर पडत असेल.

आमच्या नद्यांना सोळा दिवससुद्धा निभावत नाहीत. त्र्यंबकेश्वरावरून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही, पण गोदावरी तिथून तोंड फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. वाटेत तिला वळणं घ्यायला, गाळ पसरायला, गावं वसवायला निवांतपणा मिळतो. सह्याद्रीच्या अलीकडे पडलेल्या थेंबाला ती चैन नाही. उल्हास, वैतरणा या त्यातल्या लांब. बाकी सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, वाघोटन, गड, कर्ली यांचा सगळा संसार शंभरेक किलोमीटरच्या आत आटोपतो. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, किनाऱ्यावर तीन हजारांच्या आसपास, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. घाटमाथ्यावर काळोख करून आलं की काही तासांत खाली पाणी तांबडं होतं. दोन दिवस उघडीप मिळाली की पुन्हा गोटे दिसू लागतात. एवढा पाऊस पडूनही मार्चपासून टँकर का लागतो, असं देशावरचे पाहुणे विचारतात. पाऊस पडतो हो, राहत नाही.

आणि त्याला राहायला जागाही निसर्गानं दिलेली नाही. मोठी नैसर्गिक सरोवरं जिथे आहेत तिथे बहुधा हिमनदीनं जमीन कोरलेली असते, नाहीतर भूकवच फाटलेलं असतं, नाहीतर लोणारसारखं आकाशातून काही येऊन आदळलेलं असतं. कोकणात यातलं काहीच झालं नाही. वर चाळणीसारखा सच्छिद्र जांभा, खाली काळा पाषाण आणि सगळी जमीन समुद्राकडे कललेली. सड्यांवरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळांवरच्या खळग्यांत पावसाळ्यात तळी साचतात, त्यांच्या काठाला गेंद आणि सीतेची आसवं फुलतात, गुरं पाणी पितात, आणि दिवाळीनंतर तिथे तळं होतं हे सांगूनही खरं वाटत नाही. बारमाही म्हणावं असं जवळजवळ प्रत्येक तळं माणसानं केलेलं आहे. वसईकडची बावखलं म्हणजे खणलेली तळी, सावंतवाडीचा मोती तलाव, देवळापुढच्या जांभ्या चिऱ्याच्या तळ्या. कुणीतरी पळणाऱ्या पाण्याला अडवून म्हटलं, बाबा, जरा बस.

धामापूरला हे १५३० साली झालं. विजयनगरच्या राज्याचे इथले मांडलिक नागेश देसाई यांनी दोन टेकड्यांच्या मधे बांध घातला आणि मागच्या खोऱ्यातले व्हाळ, म्हणजे ओढे, अडवले. विजयनगर गेलं, त्यानंतर आलेल्या बऱ्याच राजवटीही गेल्या, बांध आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगानं जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत धामापूरचं नाव घातलं, तेव्हा गावात फलक लागले, फोटो निघाले. मला त्या फलकापेक्षा खालचे मळे जास्त पटतात. फेब्रुवारीत सगळीकडे जमीन तडकलेली असताना तिथे वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतर पाटाच्या पाण्यावर घेतलेलं भात हिरवंगार उभं असतं. बांधाच्या कडेला भगवतीचं देऊळ, देवळापासून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि तिन्ही बाजूंनी पाण्यावर ओणवलेलं रान. सकाळी उतरलात तर शेवटच्या ओल्या पायरीवर बोटाएवढ्या माशांचा थवा असतो. पाय बुडवला की आधी पांगतात, मग परत येऊन टाचेची मेलेली कातडी टोचतात.

या तळ्याची एक गोष्ट आमच्याकडे प्रत्येक पोराला सांगतात. पूर्वी गरिबाघरी लग्न निघालं की फुलांची परडी पाण्यात सोडायची आणि देवीकडे दागिने मागायचे. सकाळी परडी दागिन्यांनी भरून काठाला लागायची. लग्न झालं की दागिने परत पाण्यात सोडायचे. मग एकदा कुणीतरी ते परत केलेच नाहीत, आणि तेव्हापासून तळं द्यायचं थांबलं. अशी गोष्ट महाराष्ट्रात पुष्कळ तळ्यांची आणि डोहांची सांगतात. वाहत्या नदीच्या धारेची मात्र मी कधी ऐकली नाही, आणि ते बरोबरच आहे. वाहतं पाणी उधारी ठेवणार कशी? मागायला गेलात तोवर ज्यानं दिलं ते पाणी देवबागेच्या बाहेर पोचलेलं असतं. उधारी ठेवायची तर घेणारा आणि देणारा दोघंही जागेवर असावे लागतात.

तळं हिशेब ठेवतं, हे गोष्टीपुरतं नाही. युरोपातलं जिनिव्हा सरोवर याचं ढळढळीत उदाहरण. आल्प्समधून ऱ्होन नदी गढूळ होऊन त्यात शिरते आणि जिनिव्हा शहराशी दुसऱ्या टोकाला बाहेर पडते ती निळीशार, काचेसारखी. मधल्या काळात तिनं आणलेला सगळा गाळ सरोवरानं ठेवून घेतलेला असतो. तिथल्या पाण्याचा मुक्काम अकराएक वर्षांचा. फ्रान्स्वा-आल्फोन्स फोरेल नावाच्या स्विस माणसानं त्या एका सरोवरावर सगळी हयात काढली आणि सरोवरांचं वेगळं शास्त्रच उभं केलं. साचलेलं पाणीसुद्धा गप्प नसतं हे त्यानं मोजून दाखवलं. वाऱ्यानं आणि हवेच्या दाबानं ते सरोवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलत राहतं आणि एका पूर्ण हेलकाव्याला सुमारे ७३ मिनिटं लागतात. काठावर बसलेल्याला काहीच कळत नाही.

ठेवून घेतलेला गाळ वाचताही येतो. लोणारच्या तळातून गाळाचे उभे नमुने काढून शास्त्रज्ञांनी गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांचा पाऊसमान लावला आहे. कधी पाऊस भरपूर झाला, कधी शतकानुशतकं ओढ दिली, सगळं थरावर थर. लोणारला बाहेर पडायला वाटच नाही, त्यामुळे आलेला क्षारसुद्धा तिथेच राहिला आणि पाणी खारं झालं. नदीच्या पात्रात असा नमुना काढायला जाल तर पहिल्याच पुरानं अर्धी पानं फाडून नेलेली असतात.

तळ्याच्या आत काय चालतं ते मात्र मला पुस्तकाआधी पायांनी कळलं. धामापूरच्या पाण्यात मे महिन्याच्या दुपारी पोहताना छातीपर्यंतचं पाणी कोमट लागतं. उभं राहून पाय खाली सोडले की पोटऱ्यांना एकदम गार पट्टा लागतो. हळूहळू गार होत जाणारं पाणी नव्हे, मधे रेघ मारावी असा पट्टा. आम्ही पोरं म्हणायचो खाली देवीचं माजघर आहे. कारण सरळ आहे. ऊन वरच्यावर पाणी तापवतं, तापलेलं पाणी हलकं, ते दुधावरच्या सायीसारखं वरच राहतं आणि खालच्यात मिसळत नाही. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात हा प्रकार जरा जास्तच पक्का असतो, कारण चार अंशांवरून सहा अंशांवर जाताना पाण्याची घनता जेवढी बदलते त्यापेक्षा अठ्ठावीसवरून तीसवर जाताना कितीतरी जास्त बदलते. एवढ्याशा फरकानं दोन मजले तयार होतात. वरच्या मजल्याला हवा मिळते, उजेड मिळतो. खालच्या मजल्यावर वरून पडलेली पानं कुजत राहतात, त्यात प्राणवायू संपत जातो, नवा पोचत नाही. पावसाळी वाऱ्यानं ढवळलं किंवा थंडीत रात्री वरचं पाणी गार होऊन खाली बसू लागलं की मगच वरचं खाली, खालचं वर. नदीच्या वाहत्या धारेत असले मजले टिकतच नाहीत. प्रत्येक धोंड्यावर आपटून पाणी हवा गिळत जातं. म्हणून तर नदीचं पाणी थोडी घाण पचवतं आणि तळ्याचं पाणी तेवढ्याच घाणीनं हिरवं पडतं.

आता वाटेल की मी तळ्याला साठवणारं आणि नदीला नेणारी ठरवून मोकळा झालो. पण माशांना विचारा. त्यांना हे दोन्ही एकाच प्रवासाचे टप्पे वाटतात.

मृगाचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की आमच्याकडे चढणीचे मासे सुरू होतात. उत्तरेकडे, रायगड-ठाण्याकडे, यालाच वलगण म्हणतात. नदीतले, डोहातले मासे व्हाळातून वर निघतात, व्हाळातून पाणंदीत आणि पाणंदीतून थेट भाताच्या कुणग्यात, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात. रात्री विजेरी घेऊन व्हाळाच्या तोंडाशी उभं राहिलं की आधी आवाज येतो, ओल्या फडक्यानं दगडावर आपटल्यासारखा. मग उजेडात दिसतं. दोन बोटं खोल पाणी, खाली उतार, आणि त्या उतारावरून अख्खी पाठ उघडी पडलेला मासा आडवा होऊन शेपटी मारत वर सरकतोय. वीतभर जातो, घसरतो, दगडाच्या आडोशाला दम खातो, पुन्हा जातो. पोट गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी टम्म. ज्या प्रवाहानं सगळं गाव समुद्राकडे ढकलायला घेतलंय त्याच्या विरुद्ध हा निघालेला असतो, कारण त्याला हवं असतं साचलेलं पाणी. उथळ, कोमट, शेवाळं धरलेलं, मोठे मासे नसलेलं. अंडी तिथे टिकतात, पिल्लांना तिथे खायला मिळतं. भादव्या-आश्विनात कुणग्यातलं पाणी उतरू लागलं की पिल्लं त्याच वाटेनं खाली नदीत जातात. भाताचा कुणगा म्हणजे चार महिन्यांचं तळंच की.

आणि आपण काय करतो? नेमके त्याच रात्री, नेमक्या त्याच अरुंद तोंडाशी, पागेर म्हणजे फेकजाळं आणि कोयते घेऊन उभे. पूर्वी हे पोटापुरतं होतं असं म्हणायची पद्धत आहे, पण मला ते तितकंसं खरं वाटत नाही. गाभोळीची चव पूर्वीही माहीत होतीच. फरक एवढाच की आता काही ठिकाणी विजेचा शॉक देतात, नाहीतर डोहात विषारी पावडर टाकतात, आणि मग पुढच्या वर्षी चढायला कुणी उरत नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले मासे देवीचे, ते धरायचे नाहीत. लोक चुरमुरे टाकतात, मोठाले मासे तोंडं वर काढून घेतात. उन्हाळ्यात नदी तुटली की अशा खोल डोहात पिढी तग धरते आणि पावसात सगळीकडे पसरते. म्हणजे नदीत मासे राहायचे तर नदीच्या पोटात एखादं तळं असावं लागतं.

खाडीवर हा गुंता आणखी वाढतो. नेरूरपारच्या अंगाला पूल व्हायच्या आधी माणसं तरीतून पार जायची. आमच्या ओळखीचा एक होडीवाला होता, कधी घाई करायचा नाही. होडी माणसांनी भरलेली, उतारूंची चुळबूळ सुरू, आणि हा वल्हं आडवं ठेवून विडी ओढत बसलेला. "थांबा जरा, आता पाणी फिरतला, मगे जावया." खरोखरच थोड्या वेळानं फिरायचं. पाण्यावर एखादं फणसाचं पान समुद्राकडे चाललेलं असतं. ते मंदावतं. मग थांबतं, जागच्या जागी सावकाश गोल फिरतं. त्या दोन-चार मिनिटांत तुमच्यासमोर नदी नसते, तळं असतं, अगदी पुस्तकातल्यासारखं. मग पान डोंगराकडे निघतं.

भरती कधी, हे त्याला पंचांगावरून कळायचं. तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा, अशी भरती पुरी होते. किनाऱ्यावर हा हिशेब अजून कुणीही सांगेल. पण तो समुद्राच्या तोंडाचा. खाडीत जसजसं आत जाल तशी भरती उशिरा पोचते. तोंडाशी सुकती, म्हणजे ओहोटी लागलेली असते तरी आत पाणी चढतंच असतं. एकाच नदीत एकाच वेळी एक टोक खाली निघालेलं, दुसरं वर. शिवाय खारं पाणी जड, म्हणून ते तळानं शिरतं आणि गोडं पाणी त्याच्या पाठीवरून समुद्राकडे जातं. खालून एक, वरून एक.

म्हणूनच लहानपणी खाडीत टाकलेलं सगळं "गेलं" असं आम्हाला वाटायचं ते अर्धंच खरं होतं. सुकतीबरोबर गेलेल्यातलं बरंच काही भरतीबरोबर परत यायचं आणि कांदळवनाच्या मुळांत अडकायचं. तेव्हा ती केळीची पानं होती, कुजून खेकड्यांच्या कामी यायची. आता तिथे प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेल्या असतात आणि गणपतीनंतर प्लास्टरचे हात. आमच्या गणपतीचं विसर्जन खाडीतच होतं. शाडूची मूर्ती होती तोवर दुसऱ्या दिवशी काही दिसायचं नाही. आता पाण्याचा मुक्काम किती आहे हे मूर्तीच दाखवून देतात.

बिचाऱ्या तळ्यांचं आणखी वाईट. जिल्ह्यातल्या एका गावातलं तळं, नाव घेत नाही, सुशोभित झालं. चारही बाजूंनी काँक्रीटची भिंत, वर स्टीलचे कठडे, मधे कारंजं, रात्री निळे-जांभळे दिवे. भिंत घालताना वरून येणाऱ्या दोन लहान ओहोळांची तोंडं बुजली आणि सांडव्याची उंची वाढली. म्हणजे आत येणारं पाणी कमी आणि बाहेर जाणारंही कमी. गावातली सांडपाण्याची गटारं तेवढी न चुकता तळ्याला मिळत राहिली. तिसऱ्या वर्षी जलपर्णी आली, मग ती काढायचं टेंडर आलं. तळं थांबलेलं दिसतं म्हणून ते बंद आहे असं समजून केलेला हा कारभार. मुक्काम लांबला तरी येणं-जाणं असायलाच हवं. धामापूरच्या बांधाला सांडवा आहे आणि पाटही आहे. १५३० साली हे ज्यांना कळत होतं त्यांच्याकडे दिवे नव्हते, एवढंच.

उलट्या बाजूनं नदीचं तळं झालेलं कोकणानं २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाहिलं. वर सह्याद्रीत अतिवृष्टी, खाली भरती. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीला भरतीचं पाणी थेट शहरालगतच्या गोवळकोटापर्यंत येतं. पूर्वी याच पाण्यावरून मालाची गलबतं गोवळकोटच्या धक्क्याला लागायची. त्या दिवशी वरून आलेल्या पाण्याला खाली जायला वाव मिळाला नाही, पात्रात साठलेल्या गाळानं जागा आधीच खाल्लेली, आणि शहर पाण्याखाली गेलं. पूर कशामुळे किती वाढला यावर तेव्हापासून वाद आहेत, मी त्यात पडत नाही. पण ज्यांची घरं भरली ती माणसं सांगतात ते ध्यानात राहतं: पाणी धावून आलं नाही, चढत गेलं. आधी पायरी, मग उंबरा, मग ओटा. आणि मग तिथेच राहिलं. ओसरल्यावर घराघरांत जो चिखल मागे ठेवून गेलं तो तळ्याच्या तळाला असतो तसाच, मऊ, पिठासारखा. धावत्या नदीनं गोटे आणि रेती टाकली असती.

याच वाशिष्ठीत वर्षभर जे पाणी दिसतं ते मुळात तिचं नाही, आणि ही हकीकत मला सगळ्या भूगोलात सर्वांत चमत्कारिक वाटते. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला समांतर दक्षिणेला येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. तिच्या पाण्यानं बंगालच्या उपसागराला जायचं. पण तिला अडवून शिवसागर केला, सुमारे १०५ टीएमसीचा (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), आणि त्या तळ्याला सांडव्याशिवाय दुसरं दार पाडलं ते पश्चिमेला, डोंगराच्या पोटातून. बोगद्यांतून पाणी साडेचारशे मीटरहून जास्त खाली पोफळीच्या जनित्रांवर पडतं, वीज करतं, पुढे कोळकेवाडीच्या धरणातून आणखी एकदा वीज करून वाशिष्ठीत येतं. चौथ्या टप्प्याच्या वेळी तर जलाशय रिकामा न करता खालून बोगदा खणत तळाच्या जवळ नेला आणि मधे उरलेला खडक स्फोटानं उडवून तळ्याला तळातूनच तोंड पाडलं. १३ मार्च १९९९ला एकदा, २५ एप्रिल २०१२ला दुसऱ्यांदा. कृष्णा खोऱ्यातून असं पश्चिमेला आणायला वर्षाला ६७.५ टीएमसीची मुभा आहे. वर्षभराची सरासरी काढली तर सेकंदाला सुमारे साठ हजार लिटर. शेजारच्या नद्यांचे एप्रिलमध्ये गोटे दिसत असताना वाशिष्ठी दुथडी नसली तरी जिवंत दिसते ती त्यामुळे. जी नदी चार महिन्यांत संपायची तिला एका तळ्यानं बारमाही केलं, आणि तेही डोंगरापलीकडच्या.

या पाण्याला सरकारी कागदात आणि आता लोकांच्या तोंडीही कोयनेचं अवजल म्हणतात. ते समुद्रात फुकट जातं, ते मुंबईला न्या, नाहीतर कोकणातल्या तहानलेल्या तालुक्यांना द्या, अशी मागणी अधूनमधून उठते. मागणी चुकीची नाही. टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभ्या असलेल्या बाईला खाडीचं पर्यावरण ऐकवायला माझी जीभ रेटणार नाही. पण "फुकट" हा हिशेब अर्धवट आहे. हे गोडं पाणी खाली येत राहतं म्हणून भरतीचं खारं पाणी एका हद्दीपलीकडे वर सरकत नाही. ते कमी झालं की खारं पाणी वर चढणार, आणि काठच्या विहिरी मचूळ होणार. आमच्या कर्लीकाठी हे दर मे महिन्यात होतं. चहाला आधी चव बदलते, मग डाळ शिजेनाशी होते, मग माणसं विहीर सोडून पलीकडच्या पंपावर जायला लागतात. खारं पाणी अडवणाऱ्या बांधांच्या, खारबंदिस्तीच्या उघाड्या म्हणजे झडपा नादुरुस्त असल्या की शेतातही तेच. वाशिष्ठीच्या काठाला इतकी वर्षं अवजलाचा आधार आहे. तो काढल्यावर काय होईल याचा अंदाज चिपळूणच्या कचेरीत बसून करता येणार नाही. किती टीएमसी उचलायचं हे ठरवण्याआधी वैशाखातल्या अमावास्येच्या उधाणाला, भरती पुरी होता होता, गोवळकोटापासून खाली खाडीच्या तोंडाशी दाभोळपर्यंत काठाकाठानं जावं आणि प्रत्येक विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखून पाहावं. वेळ काढायला पंचांग आहेच. तोंडाशी सव्वाअकरा, वर चिपळूणकडे त्यानंतर.